ध्रुवप्रदेशातील मंद परिवर्तन आणि चित्रकाराची साक्ष

खासबाग, वडगाव, शहापूर या परिसरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना मागाच्या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. मागावर धोटा एकदा या बाजूकडून त्या बाजूकडे गेला म्हणजे कापड एका आडव्या धाग्याने वाढते. ही वाढ समोर बसलेल्या विणकराच्याही डोळ्यांना दिसत नाही. सकाळी काठावर केलेली खूण संध्याकाळी कोठवर सरकली, हे पाहिल्यावरच दिवसभराच्या कामाचा अंदाज येतो. निसर्गातील पुष्कळसे बदल याच जातीचे असतात. ते डोळ्यांसमोर घडतात, परंतु दिसत नाहीत. ते दिसावेत यासाठी कोणी तरी आधी खूण करून ठेवलेली असावी लागते.

आपल्या शाळेतील ज्या चित्रकला-शिक्षकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते गुरुजी चित्र पुरे झाल्यावर कागदाच्या पाठीमागे तीन गोष्टी लिहावयास लावीत : तारीख, वेळ आणि आपण कोठे बसून चित्र काढले ती जागा. सही त्यानंतर. त्या वयात ही शिस्त जाचक वाटे. चित्र चांगले आले की नाही यापेक्षा तारखेची चौकशी अधिक का, असा प्रश्न मनात येई. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी प्रस्तुत लेखात पृथ्वीच्या अगदी टोकाकडील एक विषय निवडला आहे. ध्रुवप्रदेशातील बर्फ अत्यंत मंद गतीने बदलतो, आणि तो बदल टिपण्याच्या कामी चित्रकार व छायाचित्रकार यांचा मोठा वाटा आहे. हा वाटा कोणता आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

ध्रुवप्रदेशाशी आपले नाते

बेळगावकरांना हा विषय वाटतो तितका परका नाही. चोर्ला घाट उतरून आपण ज्या गोव्यात जातो, त्याच गोव्याच्या किनाऱ्यावरून ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची ही तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी त्या हिमखंडावर उतरली. पुढे १९९८ मध्ये ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही गोव्यातच, वास्को येथे स्थापन झाली.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोघी शास्त्रज्ञ होत्या; अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा आणि घराणे औंधचे. त्यांचे आजोबा बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंध संस्थानचे अधिपती असूनही स्वतः चित्रकार होते आणि औंधचे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय हे त्यांच्याच रसिकतेचे फळ होय. ज्या घराण्यात आजोबांनी चित्रे काढली आणि जमविली, त्याच घराण्यातील नात सागरविज्ञानासाठी पृथ्वीच्या दक्षिण टोकाला गेली. नीट पाहणे आणि पाहिलेले नोंदवून ठेवणे ही कलेची तशीच शास्त्राचीही पहिली पायरी आहे, याचे हे एक सुंदर उदाहरण म्हणता येईल.

त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले केंद्र बर्फाच्या थरावर उभारले गेले. वर्षानुवर्षे साचत गेलेल्या हिमाने ते हळूहळू गाडले जाऊ लागले आणि १९९० मध्ये ते केंद्र म्हणून सोडून द्यावे लागले. त्यापूर्वीच, १९८९ मध्ये, उघड्या खडकावर 'मैत्री' हे दुसरे केंद्र सुरू झाले होते. एखाद्या दिवशी पडलेल्या हिमाने कोणी घाबरून जात नाही. परंतु काही वर्षांत त्याच हिमाने अख्खी इमारत पोटात घेतली. मंद परिवर्तनाची शक्ती ही अशी असते.

बर्फाचा जमाखर्च

चित्रांकडे वळण्यापूर्वी हिमनदी म्हणजे काय हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. उंच प्रदेशात पडलेले हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचे हिम पडते. वरच्या थरांच्या भाराने खालचे थर दाबले जातात, त्यांतील हवा निघून जाते आणि अनेक वर्षांनी त्यांचा घट्ट बर्फ बनतो. पुरेशी जाडी आली म्हणजे हा बर्फ स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. ही सरकणारी बर्फाची राशी म्हणजे हिमनदी, आणि तिचे खालचे टोक म्हणजे तिचे मुख.

वरच्या भागात हिमाची भर पडते ती जमा. खालच्या भागात बर्फ वितळतो किंवा समुद्रात तुटून पडतो तो खर्च. दोन्ही समान असतील तर मुख एकाच जागी दिसते. खर्च वाढला की मुख मागे हटते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिमनदी 'मागे हटली' याचा अर्थ बर्फ उलट दिशेने चालू लागला असा नाही. बर्फ पुढेच येत असतो. परंतु जितका येतो त्याहून अधिक वितळून जातो. एखाद्या दुकानात रोज माल येत असूनही फळी रिकामी होत जावी, तसा हा प्रकार आहे.

शिवाय मुख मागे हटण्यापूर्वी बहुधा हिमनदीची जाडी कमी होते. लांबी तशीच, परंतु अंग वाळलेले. सामान्य प्रवाशाला हा फरक कळत नाही. चित्रकाराला मात्र तो कळण्याचा संभव असतो, कारण डोंगराच्या कोणत्या कड्यापर्यंत बर्फाची रेषा येते हे त्याला कागदावर काढावेच लागते.

चित्रकाराचा डोळा काय टिपतो

पहिली गोष्ट रंग. ताजे हिम पांढरे दिसते, कारण त्याच्या असंख्य कणांमधून आणि मधल्या हवेतून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. हिमनदीचा जुना, दाबला गेलेला बर्फ निळा दिसतो; त्यात हवा थोडी असते आणि प्रकाश त्यातून लांबवर जाताना तांबडा भाग शोषला जातो. म्हणून एखाद्या चित्रात पांढरा कोठे संपतो आणि निळा वा करडा कोठे सुरू होतो, ही केवळ सौंदर्याची बाब राहत नाही. त्या उन्हाळ्यात हिम कोणत्या उंचीपर्यंत टिकले होते, हेही त्यावरून कळू शकते. त्यात पुन्हा ताजे हिम आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेकते, तर उघडा समुद्र नऊ दशांशांहून अधिक भाग शोषून घेतो. पांढरा रंग कमी होणे म्हणजे उष्णता अधिक शोषली जाणे, आणि त्यामुळे पांढरा रंग आणखी कमी होणे, असे हे चक्र आहे. उत्तर ध्रुवप्रदेश १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या सुमारे चौपट वेगाने तापत आहे; त्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

दुसरी गोष्ट खडकावरील रेषा. आपल्या मसाल्यातील दगडफूल सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच कुळातील वनस्पतिसदृश जीव थंड प्रदेशातील खडकांवरही अतिशय सावकाश वाढतात आणि खडकाला गडद रंग आणतात. हिमनदी पातळ झाली म्हणजे तिच्या दोन्ही अंगांना नुकताच उघडा पडलेला खडक दिसू लागतो. त्यावर दगडफूल अजून धरलेले नसते, म्हणून तो फिकट दिसतो. वर गडद आणि खाली फिकट अशी ही सीमारेषा म्हणजे पूर्वी बर्फ कोठवर होता याची खूणच. विहिरीचे पाणी खाली गेल्यावर आतल्या दगडांवर जुन्या पातळीची रेषा उमटलेली दिसते, तसेच हे. प्रामाणिक रेखाटनात ही रेषा आपोआप येते. घाईघाईच्या चित्रात ती रंगाखाली बुजून जाते.

विल्सन यांची पेन्सिल आणि चर्च यांचे डोलकाठीचे चित्र

प्रामाणिक नोंदीचे उत्तम उदाहरण म्हणून डॉ. एडवर्ड विल्सन यांचे नाव घ्यावे लागेल. हे इंग्रज डॉक्टर, निसर्गशास्त्रज्ञ आणि चित्रकार कॅप्टन स्कॉट यांच्या दोन्ही अंटार्क्टिका मोहिमांत होते : पहिली १९०१ ते १९०४ आणि दुसरी १९१० पासूनची. त्या थंडीत जलरंगाचे पाणी गोठे आणि हातमोजा काढून बोटे फार वेळ उघडी ठेवता येत नसत. म्हणून विल्सन बाहेर केवळ पेन्सिलीने रेखाटन करीत आणि त्यावर कोणत्या जागी कोणता रंग आहे हे शब्दांत लिहून ठेवीत. पुढे निवाऱ्यात बसून त्या नोंदींवरून जलरंगातील चित्र तयार होई. रेखाटनासाठी उघड्या डोळ्यांनी बर्फाकडे पाहत राहिल्यामुळे पहिल्या मोहिमेत त्यांना हिमांधतेच्या तीव्र वेदना सोसाव्या लागल्या, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी घसरगाडी ओढली. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ च्या मार्चमध्ये स्कॉट यांच्याबरोबरच त्यांचा अंत झाला. त्यांच्या चित्रांत नाट्य कमी, नोंद अधिक. आणि म्हणूनच ती आजही विश्वासाने पाहता येतात.

याउलट अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च यांचे हिमनगांचे भव्य तैलचित्र पाहावे. १८५९ मध्ये त्यांनी न्यूफाउंडलंड व लॅब्रडॉरच्या समुद्रात जाऊन हिमनगांची रेखाटने केली आणि त्यांवरून १८६१ मध्ये चित्रशाळेत हे मोठे चित्र रंगविले. पुढे ते लंडनला नेण्यापूर्वी पुढील भागात गलबताची एक मोडलेली डोलकाठी त्यांनी नव्याने घातली. कलाकृती म्हणून ते चित्र थोर आहे. परंतु अमुक दिवशी, अमुक ठिकाणी बर्फ असा होता, असे त्यावरून म्हणता येत नाही. ते म्हणावयाचे असेल तर त्यांच्या प्रत्यक्ष जागेवरील लहान रेखाटनांकडेच जावे लागेल. कल्पनेला कलेत मोठे स्थान आहे. मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहताना कल्पना बाहेर ठेवावी लागते.

दुसरा प्रवासी

एकट्या चित्राने बदल कळत नाही. त्यासाठी त्याच जागेवर पुन्हा जाणारा दुसरा कोणी तरी लागतो. स्वित्झर्लंडमधील ग्रिंडेलवाल्ड येथील हिमनदी हे ध्रुवप्रदेशाबाहेरचे, परंतु फार बोधप्रद उदाहरण आहे. ही हिमनदी प्रवाशांना सहज दिसत असल्यामुळे तिची चित्रे शतकानुशतके काढली गेली. अठराव्या शतकात कास्पर वोल्फ आणि एकोणिसाव्यात सॅम्युएल बिरमान यांनी ती काढली. हाइन्झ झुंबूल या संशोधकाने ही चित्रे गोळा केली, प्रत्येकाची तारीख व चित्रकाराची बसण्याची जागा निश्चित केली, आणि त्यांतील कडे, झाडे व घरे यांच्या आधाराने हिमनदीचे मुख त्या त्या वर्षी कोठे होते हे ठरविले. छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीचा हिमनदीचा इतिहास असा चित्रांतून उभा राहिला. तारीख नसलेली चित्रे या कामी जवळजवळ निरुपयोगी ठरतात, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

उत्तरेकडे, नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड बेटांवर 'ला रशेर्श' या फ्रेंच जहाजाची मोहीम १८३८ आणि १८३९ मध्ये गेली, तेव्हा शास्त्रज्ञांबरोबर चित्रकारही होते. त्यांनी काढलेली तेथील खाड्यांची आणि हिमनद्यांची दृश्ये पुढे छापली गेली. आपल्या हिमालयाला जगाचा 'तिसरा ध्रुव' म्हणतात. तेथेही १९२१ मध्ये जॉर्ज मॅलरी यांनी एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीचे छायाचित्र घेतले. गिर्यारोहक डेव्हिड ब्रेशिअर्स यांनी २००७ मध्ये तीच जागा शोधून काढून पुन्हा छायाचित्र घेतले. दोन्ही चित्रांत शिखर तेच आहे. पायथ्याच्या बर्फाची पातळी मात्र सुमारे शंभर मीटर खाली गेली आहे. शिखर बदललेले नाही म्हणूनच बर्फ बदलला हे कळते. स्थिर वस्तूशिवाय बदल मोजता येत नाही.

दोन चित्रांचा वाद

येथवर विषय सरळ वाटतो, परंतु तो तितका सरळ नाही. स्वालबार्डमध्येच कोंग्सफ्योर्ड नावाची, डोंगरांतून आत शिरलेली एक चिंचोळी खाडी आहे. तिच्या काठी नी-ऑलेसुंड या गावात २००८ पासून भारताचे 'हिमाद्री' हे संशोधनकेंद्र आहे. खाडीच्या पलीकडे ब्लोमस्ट्रांडहाल्वोया नावाचा भूभाग आहे. या नावातील अखेरच्या शब्दाचा अर्थ 'द्वीपकल्प' असा होतो, कारण नाव देणाऱ्यांना तो हिमनदीने मुख्य भूमीशी जोडलेला दिसला होता. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मधला बर्फ हटला आणि पाणी दिसू लागले. तेव्हा कळले, की हे द्वीपकल्प नव्हतेच. ते बेट होते. नाव मात्र अजून द्वीपकल्पाचेच आहे. नकाशावरचे एक नावदेखील जुन्या काळाचे चित्र कसे ठरते, पाहा.

याच ब्लोमस्ट्रांड हिमनदीची विसाव्या शतकाच्या प्रारंभीची छायाचित्रे उपलब्ध होती. २००२ मध्ये ख्रिस्तियान ऑसलुंड या छायाचित्रकाराने एका पर्यावरणवादी संघटनेसाठी त्याच जागेवरून नवी छायाचित्रे घेतली. पूर्वी जेथे बर्फाची भिंत होती, तेथे आता पाणी होते. ही जोडी जगभर गाजली आणि तिच्यावर आक्षेपही आला. आक्षेप असा, की ही 'उसळी घेणाऱ्या' जातीची हिमनदी आहे. अशा हिमनद्या अनेक दशके वरच्या भागात बर्फ साठवितात, आणि मग तळाशी पाणी साचून घर्षण कमी झाले म्हणजे काही वर्षे वेगाने पुढे धावतात. पुढे त्या पुन्हा मागे हटतात. ही हिमनदी १९६० च्या सुमारास आणि पुन्हा २००७ नंतरच्या काही वर्षांत अशी पुढे आली होती. तेव्हा केवळ दोन चित्रांवरून हवामानाविषयी निर्णय देणे घाईचे ठरते.

हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, आणि त्याचे उत्तरही चित्रांतच आहे. एका हिमनदीच्या दोन चित्रांऐवजी अनेक हिमनद्यांची, अनेक वर्षांची मालिका पाहिली म्हणजे उसळीचा परिणाम वेगळा काढता येतो. तसे पाहिल्यावर स्वालबार्डमधील बहुतेक हिमनद्या गेल्या शंभर वर्षांत आक्रसल्या आहेत हे स्पष्ट होते. एका चित्राने पाहणाऱ्याचे मन हलते आणि दोन चित्रांनी वाद सुरू होतो; निर्णयासाठी मात्र सलग मालिकाच लागते.

अलीकडच्या कलावंतांना हे उमगले आहे. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ पासून ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आदी ठिकाणी खडकाला घट्ट बांधलेले कॅमेरे ठेवले; दिवसाउजेडी ठराविक अंतराने आपोआप चित्र घेणारे हे कॅमेरे वर्षानुवर्षे एकाच दिशेकडे पाहत राहिले. ओलाफुर एलियासन यांनी १९९९ मध्ये आइसलंडच्या हिमनद्यांची विमानातून छायाचित्रे घेतली आणि वीस वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच हिमनद्यांची पुन्हा घेऊन दोन्ही शेजारी शेजारी मांडली. पहिली छायाचित्रे घेताना ती कलाकृती होती. दुसऱ्यांदा घेतल्यावर ती दस्तऐवजही झाली.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही. भूमीवरचा वितळला तर मात्र वाढते. ग्रीनलंडच्या भूमीवर साठलेला सारा बर्फ वितळला तर जगातील समुद्र सुमारे सात मीटर चढेल. हे एका पिढीत घडणारे नाही. परंतु त्यातील थोड्याशा अंशानेही गोवा आणि कोकणच्या किनाऱ्यावरील खाजणशेतीचे बांध धोक्यात येऊ शकतात.

आपल्या शिवाराची चित्रमालिका

बेळगावला निसर्गचित्रांची परंपरा फार चांगली आहे. के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या कलाशिक्षकाने येथे पिढ्या घडविल्या. बेळगावात जन्मलेले रवी परांजपे हे त्यांचेच शिष्य. अशा गावात घरोघरी निसर्गचित्रे सापडतील. त्यांतील कित्येकांच्या मागे 'निसर्गदृश्य' एवढेच लिहिलेले असते. ते कोणते शिवार, कोणता पाऊसकाळ, कोणत्या बांधावरून पाहिलेले, हे चित्रकाराबरोबरच गेले. चित्र राहिले, पण साक्ष हरवली.

वडगाव-शहापूरच्या भातशिवारातून जाणारा बळ्ळारी नाला दर पावसाळ्यात कोठवर पसरतो, राकसकोप जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात कोणत्या दगडापर्यंत उतरते, येळ्ळूरच्या राजहंसगडावरून पाहता शेत कोठे संपते आणि घरे कोठे सुरू होतात, हे सारे आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे आणि म्हणूनच आपल्याला दिसत नाही. राजहंसगडाचा तट हलणार नाही. त्या तटावर एक जागा ठरवावी. दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या वेळी शाळेतील एका वर्गाने तेथे बसून चित्र काढावे. जमेल तर त्याच जागेवरून एक छायाचित्रही घ्यावे. बांध वाकडा असेल तर वाकडाच काढावा, घर कुरूप असेल तरी ते वगळू नये, आणि झाड नसेल तर शोभेसाठी लावू नये. ही चित्रे शाळेने एका पेटीत क्रमाने जपून ठेवावीत. पहिली पाच वर्षे त्यांत कोणाला काही विशेष दिसणार नाही. पंचवीस वर्षांनी मात्र आज चित्र काढणारा विद्यार्थी पालक म्हणून शाळेत येईल, तेव्हा त्या पेटीत आपल्या गावाचा असा इतिहास असेल, जो दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपल्या घरी जुन्या वह्यांत, ट्रंकेत गुरुजींच्या वर्गातील चित्रे असतील, तर ती उलटून पाहावीत. पाठीमागे फिकट पेन्सिलीने लिहिलेली तारीख, वेळ आणि जागा सापडली, तर ते चित्र शाळेकडे आणून द्यावे. आपली चित्रमालिका मग आजपासून सुरू होणार नाही. गुरुजींनी ती पूर्वीच सुरू करून ठेवली होती, असेच म्हणावे लागेल.